वांझ नर सोडून किडीचा बंदोबस्त: पहिल्या मोजणीपासून शेवटच्या सापळ्यापर्यंत

कारखान्यात लाखो नर वाढवायचे, किरणोत्साराने ते वांझ करायचे आणि शेताशिवारात सोडायचे. तिथल्या माद्या त्यांच्याशी जुळतात, अंडी घालतात, पण अंड्यातून अळी निघत नाही. वांझ कीटक तंत्र एवढ्या दोन-तीन वाक्यांत सांगून होतं, म्हणूनच त्याबद्दल गैरसमजही बरेच आहेत. अवघड काम किरणोत्साराचं असावं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर या साखळीतला सगळ्यात आखीव आणि ठरलेला टप्पा तोच आहे. कार्यक्रम फसतात ते दुसरीकडेच. निसर्गात कीड किती आहे हे न मोजताच नर सोडले जातात, किंवा सोडलेले नर जिवंत असूनही जंगली नरांपुढे त्यांचं काही चालत नाही.

बागायतदारांचे गट, कृषी अधिकारी आणि कीटकशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी हा क्रम मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. हे एकट्यादुकट्या शेताचं काम नाही. शेजारच्या बागेतून गाभण मादी उडून आली की तुमच्या वांझ नरांना काही करता येत नाही, कारण तिचं मिलन आधीच होऊन गेलेलं असतं. तेव्हा शेताच्या बांधापुरता विचार सोडून अख्खं खोरं, अख्खं बेट किंवा अख्खा पट्टा धरावा लागतो.

आधी हिशेब

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निप्लिंग यांनी ही कल्पना १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या, जिवंत मांस खाणाऱ्या अळीच्या माशीचा (स्क्रूवर्म) ते आणि रेमंड बुशलँड अभ्यास करत होते. निप्लिंग यांनी त्याचं गणितही मांडलं. ते एकदा कागदावर स्वतः सोडवून पाहा, बाकीचे निर्णय त्यावरूनच ठरतात.

समजा जंगली कीड १० लाख आहे आणि दर पिढीला ती पाचपट होते. तुम्ही दर पिढीला ९० लाख वांझ कीटक सोडता. प्रमाण ९ ला १, म्हणजे दहातली नऊ मिलनं वाया जातात. एक लाखाचीच वीण फळते आणि पाचपट होऊन ५ लाखांवर जाते. दुसऱ्या पिढीला तेच ९० लाख सोडले की प्रमाण १८ ला १ होतं आणि कीड सुमारे १ लाख ३२ हजारांवर येते. तिसऱ्या पिढीला प्रमाण ६८ ला १ आणि कीड साडेनऊ हजारांच्या आसपास. चौथ्या पिढीला पन्नासेक उरतात. पाचव्यात खेळ संपतो. कीटकनाशकाचं नेमकं उलट असतं. फवारणी दर खेपेला साधारण तेवढेच टक्के मारते, त्यामुळे कीड विरळ झाली की तोच खर्च करून हाती कमी लागतं. वांझ नर मात्र कीड विरळ होईल तसे जास्त परिणामकारक ठरतात.

आता याच गणितात जंगली कीड १ कोटी धरा. ९० लाख वांझ सोडूनही निम्म्याहून जास्त मिलनं फळतात आणि पुढच्या पिढीत कीड अडीच कोटींच्या वर जाते. पाचपट वाढीच्या किडीला रोखून धरायला किमान ४ ला १ प्रमाण लागतं. म्हणजे ९० लाख नर हाताशी असतील तर उंबरठा साडेबावीस लाखांचा. कीड त्याच्या वर असताना नर सोडणं म्हणजे नर फुकट घालवणं. हा साडेबावीस लाखांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो बराच खाली घसरणार आहे.

पहिला टप्पा: कीड या तंत्रात बसते का?

मादी आयुष्यात एकदाच मिलन करत असेल तरच हे जमतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. स्क्रूवर्मची मादी एकदाच जुळते, त्यामुळे तिथे काम सोपं झालं एवढंच. मादी अनेकदा जुळत असली तरी चालतं, मात्र वांझ नराचं वीर्य जंगली नराच्या वीर्याशी तुल्यबळ असलं पाहिजे.

खऱ्या अटी वेगळ्या आहेत. किडीचं प्रजनन नर-मादीच्या मिलनातूनच व्हायला हवं. माव्याच्या माद्या नराविनाच पिल्लं देतात, तेव्हा तिथे हा विषयच संपतो. कीड मोठ्या संख्येने कारखान्यात वाढवता आली पाहिजे. सोडलेल्या प्रौढ कीटकांनी स्वतः नुकसान करता कामा नये. टोळधाडीवर आणखी टोळ सोडणं कुणालाच परवडणार नाही. फळमाशीत नुकसान अळी करते, त्यामुळे तिथे अडचण कमी. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीचे नरही रक्त पितात आणि रोग पसरवू शकतात, म्हणून सोडण्याआधी त्यांना रोगजंतूरोधक औषध मिसळलेलं रक्त पाजतात.

शेवटची अट भूगोलाची. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावर पहिला प्रयोग झाला. किडी कमी झाल्या, पण पूर्ण संपल्या नाहीत. बेट मुख्य भूमीच्या इतकं जवळ होतं की बाहेरून माश्या येतच राहिल्या. १९५४ मध्ये तोच प्रयोग कॅरिबियन समुद्रातल्या, किनाऱ्यापासून दूर असलेल्या कुरसाव बेटावर झाला आणि काही महिन्यांत माशी तिथून नाहीशी झाली. तुमच्या क्षेत्राला समुद्र, वाळवंट, डोंगररांग अशी नैसर्गिक सीमा नसेल तर 'समूळ नाश' हे उद्दिष्ट सोडा आणि 'कायम दाबून ठेवणं' हे धरा. नेदरलँड्समध्ये कांद्याच्या माशीवर १९८१ पासून हेच चालू आहे. कॅनडाच्या ओकानागन खोऱ्यात सफरचंदाच्या कॉडलिंग पतंगावर १९९४ पासून हेच होत आलं. यात काही कमीपणा नाही.

दुसरा टप्पा: मोजणी

नर मागवण्याआधी किमान एक पूर्ण हंगाम सापळे लावून नोंदी ठेवा. कारखाना असलेल्या देशांतही याच टप्प्यावर घाई होते, असं माझं मत आहे.

सापळा किडीप्रमाणे ठरतो. पूर्वेकडच्या आंबा-पेरूच्या फळमाशीचे नर मिथिल युजेनॉलला येतात, काकडीवर्गीय पिकांच्या फळमाशीचे नर क्यू-ल्युअरला आणि भूमध्य फळमाशीचे ट्रायमेडल्युअरला. माद्यांसाठी प्रथिनयुक्त आमिष लागतं, पतंगांसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर ओढणारे). नुसता 'सापळ्यात खूप माश्या' हा शेरा निरुपयोगी आहे. नोंद एकाच मापात करा: एकूण माश्या भागिले सापळ्यांची संख्या गुणिले दिवस. ४० सापळ्यांत ७ दिवसांत ८४ माश्या सापडल्या तर ८४ भागिले २८०, म्हणजे दर सापळ्याला दर दिवशी ०.३ माशी. फळमाशीच्या बाबतीत हा आकडा साधारण ०.१ च्या खाली आल्याशिवाय नर सोडायला सुरुवात करू नये.

सापळा फक्त कल सांगतो, एकूण संख्या सांगत नाही. त्यासाठी खुणेचे कीटक सोडावे लागतात. १०,००० रंगवलेले वांझ नर सोडले, पुढे सापळ्यांत ५० रंगीत आणि २० बिनरंगी नर आले, तर परिसरात जंगली नर अंदाजे ४,००० आहेत. ढोबळ पद्धत आहे, पण किती नर मागवायचे याचा पहिला आकडा इथूनच मिळतो. सोबत कोणत्या झाडांवर, कोणत्या महिन्यात अळी सापडते याचा नकाशा करा. परसातली दोन-चार दुर्लक्षित फळझाडं अख्ख्या पट्ट्याला पुरेल एवढी कीड पोसू शकतात.

तिसरा टप्पा: आधी कीड खाली आणा

पडलेली फळं गोळा करून खोल पुरणं, आमिषाच्या ठिपक्यांची फवारणी, लवकर काढणी, फळांना पिशव्या. इथे नवीन काही नाही आणि ते टाळताही येत नाही. हंगाम असा निवडा की निसर्गतःच कीड तळाला असेल, थंडी किंवा कोरड्या काळाच्या शेवटी.

एक सापळा स्वतःसाठीच लावून बसू नका. मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक लावलेले ठोकळे नर संपवायला उत्तम, पण तेच ठोकळे तुमचे विकतचे वांझ नरही ओढून मारतात. फवारणीचंही तसंच. आमिष फवारणीचा अंश उतरेपर्यंत थांबूनच पहिली खेप सोडायची.

चौथा टप्पा: वाढवणं आणि नर वेगळे करणं

कारखान्यातलं खाद्य, तापमान, आर्द्रता हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. बहुतेक कार्यक्रम कीटक तयारच मागवतात. मागवताना दोन प्रश्न विचारा. मूळ वाण किती पिढ्या कोंडीत आहे? पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या वाढलेले नर गर्दीत झटपट जुळायला शिकतात आणि झाडाच्या पानावर बसून मादीला रिझवण्याची रीत विसरतात. दुसरा प्रश्न, खेपेत माद्याही आहेत का? असतील तर वांझ नर त्यांच्यातच गुंतून राहतात, शिवाय वांझ मादीही फळाला टोचून डाग पाडते.

भूमध्य फळमाशीत यावर सुंदर तोडगा निघाला. ऑस्ट्रियात विकसित झालेल्या वाणांत मादीच्या कोषाचा रंग पांढरा आणि नराचा तपकिरी असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंडी ठरावीक काळ ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली की मादीचे भ्रूण मरतात. पुढे सगळं खाद्य नरांनाच लागतं. डासांमध्ये मादीचा कोष नराच्या कोषापेक्षा मोठा असतो, त्यावरून चाळून नर निवडतात. ही निवड अतिशय काटेकोर असावी लागते, कारण चुकून निसटलेली डासाची मादी चावते.

पाचवा टप्पा: किरणोत्सार

इथे काम परवानाधारक केंद्रातच होतं, याला पर्याय नाही. एके काळी रसायनांनी वांझ करण्याचे प्रयोग झाले, पण ती रसायनं स्वतःच जनुकीय बिघाड घडवणारी असल्याने मागे पडली. घरगुती जुगाड म्हणून कुणी ती सुचवली तर नम्रपणे नकार द्या.

वांझ नरात शुक्रजंतू नसतात, हा आणखी एक गैरसमज. शुक्रजंतू असतात, ते पोहतात, अंड्यात शिरतातही. फक्त त्यांच्यातली गुणसूत्रं इतकी तुटलेली असतात की भ्रूण वाढता वाढता मरतो. म्हणूनच मादीला मिलन 'पूर्ण' झाल्यासारखं वाटतं.

वेळ साधणं ही यातली कला. माशीच्या बाबतीत कोषातून प्रौढ बाहेर पडायला एक-दोन दिवस उरले असताना मात्रा देतात. तोवर पंख, पाय, स्नायू घडून झालेले असतात, त्यामुळे शरीराला इजा कमी होते. दिवस मोजून भागत नाही, कारण तापमान थोडं बदललं तरी कोषाचं वय पुढेमागे सरकतं. म्हणून मूठभर कोष उचलून त्यांच्या टोकाचं कवच सुईने सोलतात आणि आतल्या माशीच्या डोळ्यांचा रंग पाहतात. त्या रंगावरून खेप तयार आहे की नाही ते कळतं.

कोष आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करतात. आतला प्राणवायू कोष स्वतःच संपवून टाकतात आणि कमी प्राणवायूत शरीराची हानी कमी होते. पण त्याच कारणाने मात्राही थोडी जास्त लागते. म्हणजे एक पिशवी नीट बंद आणि दुसरी सैल राहिली तर एकाच मात्रेत दोन वेगळे परिणाम होतात. फळमाश्यांना साधारण १०० ग्रेच्या (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) आगेमागे मात्रा पुरते. पतंगांना बरीच जास्त लागते. किरणांचा स्रोत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी धातू असेल तर त्याची ताकद दर महिन्याला सुमारे एक टक्का घटते, तेव्हा वेळेचं कोष्टक नियमित सुधारलं पाहिजे. क्ष-किरण यंत्रात ही कटकट नाही. प्रत्येक पिशवीवर किरणोत्सारानंतर रंग बदलणारं लेबल असतं. खेप ताब्यात घेताना एकेक लेबल डोळ्यांनी तपासा. न बदललेलं एकही लेबल दिसलं तर ती पिशवी उघडायची नाही.

मात्रा वाढवून शंभर टक्के वांझपणा मिळवण्याचा मोह आवरा. ९९ वरून ९९.९ वर जाताना नर इतका दुबळा होऊ शकतो की त्याला मादीच मिळत नाही. अशा नराचा वांझपणा कोणाच्या उपयोगाचा?

पतंगांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या गुणसूत्रांची रचना अशी की पूर्ण वांझपणाला फार मोठी मात्रा लागते. म्हणून मुद्दाम कमी मात्रा देतात. नर अंशतः वांझ राहतो, धडधाकट असतो आणि त्याची जी थोडी संतती जगते ती बापापेक्षा जास्त वांझ निघते, त्यातही नर जास्त. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर अमेरिकेत वांझ पतंग, बीटी कपाशी आणि कामगंध यांचा एकत्रित वापर झाला आणि २०१८ मध्ये तिथून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. तिथे एकट्या वांझ पतंगाला श्रेय देणं चुकीचं ठरेल.

सहावा टप्पा: नर कामाचे आहेत का?

सर्वांत साधी चाचणी उडण्याची. १० सेंमी उंचीची काळी नळी घ्या, तिला आतून टाल्क पावडर चोळा म्हणजे माशीला चढता येणार नाही, आणि तळाशी मोजून १०० कोष ठेवा. वर उडून बाहेर पडल्या त्या कामाच्या. नळीतच राहिलेल्या, अर्धवट कोषात अडकलेल्या, पंख चुरगळलेल्या माश्या वेगवेगळ्या मोजा. हा आकडा प्रत्येक खेपेगणिक लिहून ठेवा. तो अचानक घसरला तर बिघाड कारखान्यात, वाहतुकीत की तुमच्या शीतखोलीत, हे शोधायला सुरुवात तिथून होते.

खरी परीक्षा जोडीदार मिळवण्याची. मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात जंगली माद्या, जंगली नर आणि वांझ नर एकत्र सोडा, मग अंडी किती उबतात ते पाहा. समजा निव्वळ जंगली जोड्यांची अंडी ९० टक्के उबतात, निव्वळ वांझ नरांची १ टक्का, आणि ३ वांझ नरांना १ जंगली नर अशा मिश्र पिंजऱ्यात ५२ टक्के. आता ९० वजा ५२ म्हणजे ३८, ५२ वजा १ म्हणजे ५१. ३८ भागिले ५१, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा ३ ने भागा. उत्तर येतं सुमारे ०.२५. याचा अर्थ चार वांझ नर मिळून एका जंगली नराची बरोबरी करतात.

आता मघाचा उंबरठा पुन्हा काढा. ९० लाख नरांची खरी किंमत साडेबावीस लाख, आणि त्यांनी रोखून धरता येईल अशी कीड साडेबावीस लाख नसून साडेपाच लाखांच्या आसपास. खोक्यांवर छापलेल्या संख्येवरून नियोजन केलं तर इथे फसगत होते.

सातवा टप्पा: सोडणं

कोष आल्यावर त्यांना अंधाऱ्या, थंड खोलीत मनोऱ्यासारख्या थाळ्यांत उमलू देतात. उमललेल्या नरांना साखर आणि पाणी घातलेला अगारचा लगदा देतात आणि काही दिवस वाढू देतात. भूमध्य फळमाशीच्या नरांना आल्याच्या तेलाचा नुसता वास दिला तरी त्यांना माद्या जास्त मिळतात, त्यामुळे ती पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. मग शीतखोलीत गारठवून निपचित पाडायचं आणि विमानातून किंवा गाडीतून सोडायचं. ओकानागन खोऱ्यात गारठलेले पतंग छोट्या चारचाकी मोटारसायकलवरून बागेच्या ओळीओळीने सोडले गेले आहेत.

विमान परवडत नसेल तर कागदी पिशव्या चालतात. पिशवी फाडून झाडाच्या सावलीच्या बाजूला, मुंग्यांची रांग नसलेल्या फांदीवर ठेवायची. वेळ पहाटेची. तळपत्या उन्हात सोडलेल्या नरांपैकी बरेच तासाभरातच जातात. आठवड्यातून एकदा भरपूर सोडण्यापेक्षा दोनदा थोडे सोडा, कारण हे नर फार दिवस जगत नाहीत आणि मधल्या रिकाम्या दिवसांत उमललेल्या माद्या जंगली नरांच्या वाट्याला जातात. समान विखुरण्याचा अट्टहासही नको. सापळ्यांनी जिथे जास्त कीड दाखवली तिथे दुप्पट-तिप्पट सोडा. भूमध्य फळमाशी संपवायची असेल तर १०० ते १५० ला १, दाबून ठेवायची असेल तर त्याहून कमी प्रमाण धरतात.

आठवा टप्पा: सापळा वाचणं

आता सापळ्यात हजारो वांझ माश्या येतील आणि त्यांत एखादी जंगली. ओळखायची कशी? कोषांना आधीच चमकणारी रंगीत पूड चोळलेली असते. माशी बाहेर पडताना डोक्यातली एक पिशवी फुगवून कोषाचं टोपण फोडते. पिशवी पुन्हा आत ओढली जाते तेव्हा पुडीचे कण कपाळावरच्या खाचेत अडकून बसतात. अंगावरची पूड झडली तरी हे कण राहतात. अतिनील दिव्याखाली आधी अख्खी माशी पाहा. रंग दिसला नाही तर डोकं चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली खाच तपासा. तरीही शंका उरली तर जननेंद्रियांची तपासणी. एका माशीच्या चुकीच्या ओळखीवरून अख्ख्या भागात पुन्हा फवारणीचा आदेश निघू शकतो, म्हणून हे काम थकलेल्या माणसाकडून संध्याकाळी करून घेऊ नका.

वांझ नर भरपूर सापडले म्हणजे काम झालं असं नाही. त्यावरून ते जिवंत आहेत एवढंच कळतं. शिवारातून गोळा केलेली अंडी किती उबतात, हा खरा निकाल. डासांच्या कार्यक्रमात अंडी घालण्यासाठी ठेवलेल्या भांड्यांतून हे सहज मोजता येतं.

थांबायचं कधी?

शेवटची जंगली माशी सापडल्यापासून किडीच्या साधारण तीन पिढ्यांचा काळ कोरा गेला पाहिजे. तो काळ महिन्यांत न मोजता तिथल्या तापमानावरून मोजतात, कारण थंडीत एक पिढी पूर्ण व्हायला कित्येक पट वेळ लागू शकतो. नर सोडणं थांबवल्यावरही सापळे काढायचे नाहीत. जपानच्या ओकिनावा बेटांवर काकडीवर्गीय फळमाशीचं उच्चाटन १९९३ मध्ये पूर्ण झालं, तरी तिथे पाळत सुरूच राहिली.

स्क्रूवर्मच्या बाबतीत तर पाळत पुरत नाही. ती उत्तर आणि मध्य अमेरिकेतून मागे रेटत पनामाच्या पूर्व टोकापर्यंत नेली आणि २००६ पासून तिथे सतत वांझ माश्या सोडून भिंत उभी ठेवली. २०२३ मध्ये पनामात रुग्ण जनावरं झपाट्याने वाढली, कीड एकेक देश ओलांडत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचली. जनावरांच्या वाहतुकीतून ती वांझ माश्यांच्या पट्ट्याला वळसा घालून पुढे सरकते. तेव्हा अंतिम आराखड्यात तीन गोष्टींची तरतूद लिहूनच ठेवा: येणाऱ्या मालाची आणि जनावरांची तपासणी, कायमचे सापळे, आणि कीड पुन्हा दिसताच किती दिवसांत किती नर मिळतील याचा कारखान्याशी आधीच केलेला करार.